पूर्ण किमतीचा साडू

साडूचा फोटो शेवटी दुकानाच्या मुख्य दारावर लागला. दीड माणूस उंच, रंगीत, एक हात फ्रिजच्या खांद्यावर टाकलेला. खाली मोठ्या अक्षरांत: 'यांनी पूर्ण किंमत दिली.'

पण असं काही झालेलं नाही. निदान किंमतकरला विचाराल तर नाही. तो हल्ली माल उतरवायच्या मागच्या दाराने कामावर येतो आणि त्याच दाराने जातो. ज्या दाराने आपण जातच नाही त्या दारावर काही लागलेलं असायचं कारण नाही. तेव्हा आपणही फोटो लागला नाही आणि फ्रिजला खांदा नसतो असं धरून सुरुवातीपासून सुरुवात करू.

किंमतकर हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुसरंच होतं, पण दुकानात ते कुणाला आठवत नसे, आणि पगाराच्या पाकिटावरही 'किंमतकर' यायला लागल्यावर त्याने आठवण करून द्यायचं सोडून दिलं. दुकान तीन मजली, घरसामानाचं. गादीपासून गिझरपर्यंत जे म्हणाल ते. तिथल्या प्रत्येक वस्तूला दोन किमती असत. खाली मोठ्या लाल आकड्यात तुम्ही देता ती. आणि तिच्या डोक्यावर बारीक करड्या आकड्यात, आडवी रेघ मारलेली, तुम्ही देत नाही ती. खालची किंमत मालक ठरवत. त्याला हिशेब लागे. वरची ठरवायचं काम किंमतकरचं. त्याला प्रतिभा लागे.

त्याचं टेबल पहिल्या जिन्याखाली होतं. गिऱ्हाइकांचे पाय दिवसभर त्याच्या डोक्यावरून जात. नवी वस्तू आली की ती त्याच्यासमोर ठेवत आणि सगळे गप्प बसत. पंखा असला तर तो पंखा लावून त्याच्यापुढे बसायचा. वारा लागला तर दुप्पट लावायचा आणि नाही लागला तर अडीचपट, कारण न लागणाऱ्या वाऱ्यावर सवलत जास्त दाखवावी लागते. मोफत वस्तूंच्या किमतीही त्याच्याच. सुऱ्यांचा एक संच होता. 'साडेचार हजारांचा सुरीसंच मोफत' म्हणून तो वर्षानुवर्षं दिसेल त्या वस्तूबरोबर जायचा. एकदा एका बाईंनी 'बाकी काही नको, नुसत्या सुऱ्याच विकत द्या' म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली. सुऱ्यांबरोबर मोफत काय द्यायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता नियम असा होता की खोडलेली किंमत नुसती हवेतून आणून चालत नाही. त्या किमतीला ती वस्तू आधी काही दिवस कुठे तरी खरोखर विक्रीला असली पाहिजे. मालक नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नियमासाठी एक खोलीच काढली. तिसऱ्या मजल्यावर, रिकाम्या खोक्यांच्या भिंतीमागे, जिथे लिफ्ट थांबत नाही आणि जिन्यात दिवा नाही. नव्या वस्तूचा एक नग आधी तिथे पूर्ण किमतीला मांडून ठेवत आणि मग उरलेले नग खाली रेघ मारून आणत. खोलीच्या दारावर 'विक्री चालू' अशी पाटी होती. पाटी आतल्या बाजूने लावलेली होती.

खोली म्हटल्यावर विक्रेता हवा, म्हणून तिथे मामा. अख्ख्या दुकानाचे मामा. तरुणपणी ते गाद्यांच्या विभागात होते. गिऱ्हाइकाने 'ही चांगली आहे का हो?' असं विचारलं की मामा खरोखर विचार करायला लागत, आणि त्यांचा विचार होईपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन झोपलेलं असे. मालकांनी त्यांना काढून टाकण्याऐवजी वर नेलं. वर काम एकच होतं, काही विकायचं नाही. चुकून कुणी स्वच्छतागृह शोधत आलंच तर मामा त्याला स्वच्छतागृह दाखवत. तरीही रेंगाळलं तर 'घेऊ नका हो' म्हणून हात जोडत. त्यांनी वर गेल्यापासून एकही वस्तू विकली नव्हती आणि दरवर्षी मालक त्याबद्दल त्यांना सुरीसंच देत. मामांच्या घरी फार सुऱ्या होत्या.

हे झालं दुकानाचं. किंमतकरचा जीव मात्र अडकला होता सासरी.

सासरी त्याला मान होता. थोरला जावई, त्यात दुकानातला. सासरच्यांनी साधी बादली घ्यायची तरी आधी त्याला फोन. "जावईबापू, प्लास्टिकची घेऊ की स्टीलची?" तो जरा वेळ गप्प राहून म्हणायचा, "कशासाठी हवीय त्यावर आहे." मग पलीकडे सासूबाई बाकीच्यांना सांगताना ऐकू यायच्या, "ते म्हणतात, कशासाठी हवीय त्यावर आहे." त्या आवाजातल्या कौतुकावर किंमतकरचा आठवडा निघायचा. बायकोने माहेरी सांगून ठेवलं होतं की हे मूल्य अधिकारी आहेत, वस्तू नुसती बघून तिची खरी किंमत सांगतात. त्यातला 'खरी' हा शब्द सोडला तर बाकी सगळं बरोबर होतं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला.

साडू मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाशेजारी दिवसभर न घाबरता बसायचा त्याला पगार होता. त्यामुळे चेहरा कायम शांत आणि उजवा पाय कायम तयार. गप्पांत कुणी भलत्याच वेगाने बोलायला लागलं की सोफ्यावर बसल्या बसल्या त्याचा पाय फरशीवर हलकेच दाबला जायचा, आणि बोलणारा खरोखर थांबायचा. किंमतकरने हे घरी आरशासमोर करून पाहिलं होतं. कुणी थांबलं नाही. अर्थात तिथे कुणी बोलतही नव्हतं.

एवढंच असतं तरी त्याने गिळलं असतं. पण साडू वाचवायचा.

सासू-सासरे नव्या घरात राहायला गेले त्या आठवड्यातली गोष्ट. घर दोन खोल्यांचं, भिंतींना अजून रंगाचा वास, खोकी अर्धी उघडलेली, सगळेजण खोक्यांवरच बसलेले. साडू चाकांची एक मोठी बॅग ढकलत आत आला.

"सहा हजारांची," धाकटी मेहुणी म्हणाली. "ह्यांनी दोनला आणली."

"म्हणजे चार वाचवले," सासरे म्हणाले.

"पंख्यात वाचवले ते वेगळेच," सासूबाई म्हणाल्या. "आणि गादीत. धाकट्या जावईबापूंनी लग्न झाल्यापासून किती वाचवले असतील, देव जाणे. माणसाचा हात धरून ठेवावा असा हात आहे."

"वाचवलेले आहेत कुठे पण?" किंमतकरने विचारलं.

"कुठे म्हणजे? वाचवलेत ना," सासूबाई म्हणाल्या. लहान मुलाला सांगावं तशा.

किंमतकर बॅगेकडे बघत राहिला. ते सहा हजार त्याचेच होते. ही बॅग टेबलावर आली त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. दाढ बरी असती तर बॅग साडेचारवरच थांबली असती. म्हणजे साडूने जे चार हजार वाचवले त्यातले दीड हजार सरळ किंमतकरच्या दाढेतून आलेले होते. दाढ ह्याची, ठणका ह्याचा आणि मान त्याचा.

हे त्याला बोलताही येत नव्हतं. सहा हजार म्हणजे वारा आहे असं सांगायचं तर तो वारा कोण घालतं हेही सांगावं लागलं असतं, आणि मग मूल्य अधिकाऱ्याचं काय उरलं असतं? त्याने बॅगेची मूठ वर-खाली केली आणि म्हणाला, "चाकं बरी आहेत."

"ऐकलंत, दादा पण चांगली म्हणतायत," साडू म्हणाला. वर हाही मोठेपणा.

"मी काय म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "आता फ्रिज घ्यायचाय. धाकट्या जावईबापूंना सांगितलंय, ते बघतील. ह्यांनी पैसेही देऊन ठेवलेत त्यांच्याकडे." मग किंमतकरकडे वळून, "तुमच्याच दुकानात येणारेत हो ते. तुम्ही असाल ना तेव्हा? जरा पाणी-बिणी विचारा त्यांना."

बसमधून घरी जाताना किंमतकरने तिकिटाची सुरळी केली. मग म्हणाला, "मला विचारलं नाही."

"काय?" बायको म्हणाली.

"फ्रिजचं."

"तुम्ही काय सांगितलं असतं?"

"कशासाठी हवाय त्यावर आहे."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. "अहो, फ्रिज कशासाठी हवा असतो?" ती म्हणाली, आणि पुढचे दोन थांबे दोघांनीही त्यावर विचार केला.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसल्यावर डोक्यावरून जाणारा प्रत्येक पाय त्याला साडूचा वाटायला लागला. ठाम, निवांत, वाचवून परत निघालेला पाय. हा माणूस कधी चुकतच नाही आणि का चुकत नाही तर मी प्रत्येक वस्तूवर त्याच्यासाठी चूक भरून ठेवतो, असं त्याच्या मनात आलं. आपण पंक्तीत वाढायला उभे आहोत आणि एकच माणूस सगळ्या पानांवर बसून जेवतो आहे असं काहीसं त्याला दिसायला लागलं. पाणी-बिणी विचारा म्हणे. त्याला सासूबाईंचा राग नव्हता. त्यांना एकदा, एकदाच, साडूच्या हातून पूर्ण किंमत गेलेली दिसायला हवी होती. मग त्या आपोआप फोन फिरवतील. जावईबापू, आमचं चुकलंच.

त्याने साडूला फोन लावला.

"साडूभाऊ, फ्रिज घेताय म्हणे."

"हो दादा. शनिवारी येतो तुमच्याकडेच."

"शनिवारी मरणाची गर्दी असते. बुधवारी या. मी स्वतः दाखवतो. खाली नाही, वर."

"वर काय असतं?"

"वर ते असतं जे अजून खाली आलेलं नाही," किंमतकर म्हणाला. हे शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

बुधवारी सकाळी त्याने लाल दरवाजाच्या नव्या फ्रिजची वरची किंमत ठरवली. फ्रिजकडे त्याने बघितलंही नाही. साडूचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि आकडा लिहिला. मग चेहरा पुन्हा आणला आणि आकडा वाढवला. तिसऱ्यांदा चेहरा आपोआप आला. शेवटी फ्रिज वर गेला तेव्हा त्याच्यावर आजवर कुठल्याही फ्रिजवर लागली नसेल अशी किंमत होती, आणि हमालांनी तो जरा जास्तच जपून उचलला.

दुपारी साडू आला. खोक्यांच्या भिंतीमागून दोघे अंधारात चाचपडत खोलीत शिरले. मामा स्टुलावर पेपर वाचत बसले होते. माणूस दिसल्यावर ते उठले, कारण स्वच्छतागृह दाखवायचं तर उठावं लागतं.

"खाली जाऊन डावीकडे," मामा म्हणाले.

"फ्रिज बघायचाय," साडू म्हणाला.

मामांनी किंमतकरकडे बघितलं. किंमतकरने छताकडे बघितलं.

"बघा," मामा म्हणाले. "घेऊ नका."

"का?"

"महाग आहे."

"पण चांगला आहे का?"

इथे मामांची जुनी सवय आडवी आली. ते खरंच विचार करायला लागले. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, लावलं, कान लावून ऐकलं, पाठीमागे जाऊन आले. "चांगला आहे," शेवटी ते खिन्नपणे म्हणाले. "पण ऐका माझं. जरा दम धरलात तर येत्या शनिवारी—"

किंमतकरला जोरदार खोकला आला.

"शनिवारी काय?" साडूने विचारलं.

"शनिवारी मामांची सुट्टी असते," किंमतकर म्हणाला.

साडू मामांना निरखत राहिला. "दादा, एवढी दुकानं फिरलो, पण विकायचंच नाही असा विक्रेता पहिल्यांदा बघतोय. ह्यांनी हा स्वतःसाठी बाजूला काढलेला दिसतोय."

"नाही हो," मामा म्हणाले. "मला नकोच आहे तो."

"बघा, कबूलही करत नाहीत. सवलत काय?"

"इथे नसते," मामा आशेने म्हणाले.

"थोडीसुद्धा?"

"सुऱ्यासुद्धा नाहीत."

किंमतकर साडूच्या उजव्या पायाकडे बघत होता. आता तो दाबला जाईल आणि सगळं जागच्या जागी थांबेल असं त्याला वाटत होतं. मनाच्या एका कोपऱ्यात तर तसं व्हावं असंही होतं. पाय हलला नाही.

"द्या," साडू म्हणाला.

खोलीत बिलबुक नव्हतं, कधीच नव्हतं. किंमतकर स्वतः खाली जाऊन घेऊन आला. परत आला तेव्हा साडू पाकीट उघडून उभा होता. खाकी, जाड, वर सासऱ्यांच्या अक्षरात 'फ्रिज' लिहिलेलं. तोवर हे पैसे साडूचेच आहेत असं किंमतकरने कसं कोण जाणे धरलेलं होतं. मत्सरात माणूस पाकीट कुणाचं आहे ते बघत नाही. अजूनही बोलता आलं असतं. 'थांबा, शनिवारी घ्या' एवढंच बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि साडू म्हणाला, "दादा, पेन आहे का?" त्याने पेन दिलं.

मामा स्टुलावर बसले. "आता मला काढतील," ते म्हणाले. पेपर त्यांनी उलटा धरला होता.

शनिवारी त्या फ्रिजचे उरलेले नग तळमजल्यावर आले. ओळीने वीस-पंचवीस, सगळे लाल. डोक्यावर करडी किंमत, रेघ मारलेली, आणि खाली लाल किंमत, जवळजवळ निम्मी. गिझर बघू या असं निमित्त काढून किंमतकरने सासू-सासरे, बायको, मेहुणी आणि साडू सगळ्यांना बोलावलं होतं. गिझरकडे जाणारी वाट फ्रिजवरून जात नव्हती, पण त्याने ती फ्रिजवरून नेली.

"अरे," तो थबकून म्हणाला. "हा तर आपलाच फ्रिज दिसतोय. निम्म्यात?"

सगळे थांबले. साडू वाकून किंमत वाचायला लागला. चेहऱ्यावर आणायची सहानुभूती किंमतकरने तयारच ठेवली होती. 'असू दे हो साडूभाऊ, होतं असं कधी कधी,' हे वाक्यही त्याने बसमध्ये दोनदा म्हणून पाहिलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. "ही वरची कुठली?"

"ती मूळ किंमत, आई. आपण दिली ती," किंमतकर म्हणाला.

"मग खोडली का?"

"आता ती लागू नाही म्हणून."

सासूबाईंनी फ्रिजभोवतीच्या गर्दीकडे बघितलं. मग पुन्हा पाटीकडे. "ह्यांना लागू नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आपल्याला आहे."

"म्हणजे हे सगळे आपल्या फ्रिजची किंमत खोडून घेतायत," सासरे म्हणाले.

"तेच ना. आपला न खोडलेला आहे."

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी मान वळवली. "खरंच का हो एवढ्याला होता हा? मला आपलं वाटतं, उगाच लिहितात."

"उगाच कशाला लिहितील?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या स्वयंपाकघरात उभा आहे. जावयांनी आणलाय. पूर्ण किमतीला. हे काय, हेच ते."

बाईंनी साडूकडे बघितलं, मग नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने भावाला हाक मारली. बघता बघता साडूभोवती कडं झालं. पूर्ण किंमत दिलेला माणूस आजवर कुणी बघितलेला नव्हता. कुणाच्या ऐकण्यातही नव्हता. एकाने बिल आहे का विचारलं. साडूने शांतपणे खिशातून बिल काढलं. ते हातोहात फिरलं, आणि एका आजोबांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. सगळे एकदम बोलायला लागले तेव्हा साडूचा उजवा पाय हलकेच दाबला गेला आणि गर्दी थांबली.

"चांगल्या वस्तूला पैसे मोजावे लागतात," साडू म्हणाला.

अर्ध्या तासात फ्रिज संपले.

किंमतकरची सहानुभूती तशीच्या तशी उरली. ती कुठे ठेवायची हे न कळून तो जिन्याला टेकून उभा राहिला. तेवढ्यात मालक वरून उतरले. आता मामा जाणार, आपण जाणार, बिल फाडलं जाणार, असं किंमतकरला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मालकांनी बिल दोन्ही हातांत घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"इतकी वर्षं मी ही किंमत लावतोय," ते साडूला म्हणाले, "आणि मला वाटायचं, खोटी आहे." त्यांचा आवाज भरून आला होता.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. दोन-तीन थांबे गेल्यावर म्हणाली, "फ्रिज शनिवारी खाली येणार हे तुम्हाला माहीत होतं."

"दुकानातल्या गोष्टी बाहेर बोलता येत नाहीत."

"आणि बुधवारी वर तुम्हीच नेलंत त्यांना."

किंमतकरने समोरच्या आसनाच्या पाठीवर कुणी काय कोरलंय ते वाचायला घेतलं.

"बाबांचे पैसे होते ते," ती म्हणाली. एवढंच. आईला तिने काही सांगितलं नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. त्याच्यावर रागावलीही नाही. रागावली असती तर निदान काही बोलता आलं असतं.

त्यानंतर दुकानात जे घडलं ते भराभर घडलं. मामांना काढलं नाही. त्यांच्या नावावर एकच विक्री होती, पण ती पूर्ण किमतीची. असं कुणालाच जमलेलं नव्हतं, म्हणून ते विक्रीप्रमुख झाले. आता तिन्ही मजल्यांवरचे विक्रेते गिऱ्हाईक आलं की हात जोडून 'घेऊ नका हो' म्हणतात, आणि लोक हट्टाने घेतात. एवढा माल खपलेला बघून मामा दिवसेंदिवस उदास होत चाललेत.

आणि साडूला दर बुधवारी दुकानात बोलावलं जायला लागलं. गाडी पाठवून. वरच्या खोलीत दिवा लावला, खुर्ची ठेवली. नवी वस्तू आली की मालक स्वतः विचारतात, "तुम्ही ह्याला किती द्याल?" साडू वस्तू बघतो, जरा थांबतो, आकडा सांगतो. तीच वरची किंमत. ती लिहून खाली येते आणि किंमतकरच्या टेबलावर पडते. त्याच्याकडे आता फक्त रेघ मारायचं काम उरलं आहे. तो रेघ फार जोरात मारतो अशी तक्रार एकदा वरून आली.

हे सगळं त्याने सोसलं असतं. मान गेला, टेबलावरची प्रतिभा गेली, सासूबाईंचे फोन गेले. रेघ मारता मारता माणूस म्हातारा होऊ शकतो. पण गेल्या आठवड्यात घरची इस्त्री बिघडली. किंमतकर हातपाय धुऊन बाहेर आला तेव्हा बायको फोनवर बोलत होती.

"अगं, इस्त्री घ्यायचीय आम्हाला. तुझ्या ह्यांना विचार ना, कुठली घेऊ. हो, हे आहेत घरी. नाही, त्यांना नाही विचारलं."

तो दारातच उभा होता, टॉवेल हातात घेऊन. तिला दिसला. तिने आवाज खाली आणला नाही की नजर फिरवली नाही. "हलकी घेऊ की जड?" तिने फोनवर विचारलं, आणि पलीकडून काय सांगतायत ते लक्ष देऊन ऐकत राहिली. तसं लक्ष देऊन ती त्याचं ऐकायची.

इस्त्री कुठली घ्यावी हे त्याला माहीत होतं. मनातल्या मनात त्याने ते सांगितलंही. जड घे, दांडा लाकडी बघ, मोफत काही देत असतील तर सोडून ये. ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाच्या तळमजल्यावरच्या ग्राहक समाधान पेटीत एक अर्ज टाकला. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी आजतागायत कुणी केलेली नाही. अर्ज असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक समाधान विभाग, यांस

विषय: साडू फसल्याचं प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या साडूने आपल्या दुकानातून पूर्ण किमतीला जो फ्रिज खरेदी केला, त्या व्यवहारात सदर साडू हा फसला होता असं दुकानाच्या गोल शिक्क्यानिशी प्रमाणित करण्यात यावं. त्यास अर्जदारानेच फसवलं ही बाब याच प्रमाणपत्रात नमूद करण्यास अर्जदाराची हरकत नाही. फरकाची रक्कम अर्जदाराच्या पगारातून कापून सासऱ्यांना, कारण न सांगता, पोचती करावी. प्रमाणपत्राची एक प्रत सासूबाईंना चष्म्यासह वाचावयास देऊन त्यांची पोच घ्यावी. तसंच अर्जदाराच्या पत्नीने यापुढे इस्त्री, पंखा, बादली वा तत्सम कोणतीही वस्तू घेताना प्रथम अर्जदारास विचारावं, असा लेखी आदेश सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने निर्गमित व्हावा. अर्जदाराने दिलेला सल्ला मानण्याचं कोणतंही बंधन पत्नीवर राहणार नाही. नुसतं विचारलं तरी आदेशाची पूर्तता झाली असं समजण्यात यावं, ही नम्र विनंती.